जुजबंदी ४५० रुपये: आज्जीच्या पवित्र शास्त्राचं बाइंडिंग, जालना

रेटिंग साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढं येईलच. दुकानाचं नाव टाकत नाही कारण दुकानाला नावच नाही, बाहेर पत्र्यावर ऑइल पेंटनं "बुक बाइंडिंग" एवढं लिहिलंय आणि त्याच्याखाली रेट, बस. बाइंडर काकांना विचारलं होतं रिव्ह्यू टाकू का, तर म्हणले टाका की पण मपला फोटो नको आन् नंबर बी नको, लोक रात्री फोन करतेत. त्यामुळं तेही नाही. जुन्या जालन्यात कुठल्याही प्रेसवाल्याला विचारा, "ते रविवारी बंद ठेवणारे बाइंडर" म्हणलं की हात करून दाखवतील.

तर झालं काय, आज्जीचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल. जाड, काळं, मोठ्या अक्षराचं, तिच्या लग्नानंतर कधीतरी मंडळीतनं, म्हणजे चर्चमधनं, मिळालेलं. पाठीचा भाग पार निघालेला, एक पुठ्ठा लटकत होता, उत्पत्तीची पहिली चार पानं सुटी, प्रकटीकरणाच्या शेवटच्या पानांचे कोपरे उंदरानं खाल्लेले, आणि हा सगळा पसारा आज्जीनं लेंग्याच्या नाडीनं आडवा उभा बांधून ठेवलेला. ती २०१९ ला गेली. तेव्हापासून ते कपाटात वरच्या फळीवर, नाडी बांधलेलं तसंच. गेल्या पावसाळ्यात स्लॅब गळला आणि नेमकं त्याच कपाटात पाणी आलं, तेव्हा खाली काढलं आणि म्हणलं आता याचं काहीतरी केलंच पाहिजे.

पण मी एकदा पोळलेलो होतो. त्याच्या आधी आज्जीचंच उपासना संगीत, म्हणजे चर्चच्या गाण्यांचं पुस्तक, मी एका शहरातल्या झेरॉक्सच्या दुकानात दिलं होतं, नाव घेत नाही, त्यांनी "परफेक्ट बाइंडिंग करून देतो अर्ध्या तासात" म्हणून मशीनमधे घातलं, पाठीकडनं अर्धा सेंटिमीटर कापलं, तीन बाजूंनी छाटलं, गरम डिंक लावला आणि वर चकचकीत कव्हर. दिसायला एकदम भारी. दोन महिन्यात पानं गळायला लागली झाडासारखी. आणि ते ठीक आहे, पण आज्जीनं रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या पदांच्या बाजूला पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या, हे गाणं कुणाच्या लग्नात म्हणलं, हे कुणाच्या मातीला म्हणलं, त्या समद्या कडेच्या खुणा छाटणीत गेल्या. अर्धी अर्धी नावं राहिली. मी विचारलं तर पोरगं म्हणलं सर फिनिशिंगसाठी कापावंच लागतं. तर ज्याच्याकडं जुनं पुस्तक आहे त्यानं हे लक्षात ठेवा, परफेक्ट बाइंडिंग म्हणजे पाठ कापून डिंकावर चिकटवणं, आणि जुजबंदी म्हणजे पानांचे घडीचे गठ्ठे, त्यांनाच जुज म्हणतात, दोऱ्यानं शिवणं, दोन्हीत जमीन अस्मानाचा फरक आहे. प्रोजेक्ट रिपोर्टला पहिलं चालतं. रोज उघडायच्या पुस्तकाला दुसरंच पाहिजे.

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी या काकांचं नाव सांगितलं. मी वाळूजला कंपनीत आहे, जालना सत्तर ऐंशी किलोमीटर, म्हणलं शनिवारी सुट्टी टाकून जाऊन येऊ. पिशवीत पवित्र शास्त्र आणि वर टॉवेल गुंडाळलेला, बसमधे मांडीवर घेऊन बसलो जसं काय लहान लेकरू.

दुकान म्हणजे दहा बाय बारा असेल. एक हाताची कटिंग मशीन, तिचं चाक एवढं मोठं की अर्धी जागा तिनंच खाल्लीय. पुस्तक दाबून धरायचा एक लाकडी शिकंजा. कोपऱ्यात खळीचं पातेलं, त्यात मोरचूद टाकलेलं म्हणून निळसर हिरवी झाक, वास असा की पहिले पाच मिनिट डोकं धरतं. सगळीकडं ऑफिसांची रजिस्टरं, कॉलेजचे थिसिस, एका कपाटावर कुणाच्या तरी जमिनीचे जुने उर्दूतले कागद, निजामाच्या काळातले, शिवून घ्यायला आलेले. बसायला जागा नाही हे आधीच सांगतो, एक स्टूल आहे त्यावर पुठ्ठे असतात. गाडी लावायला पण जागा नाही.

काकांनी पिशवी बघितली, आत काय आहे विचारलं नाही, आधी उठून बाहेरच्या नळावर साबण लावून हात धुतले, पुसले, मग नाडी सोडली. गाठ पक्की होती, मी म्हणलं कापा की कात्रीनं, तर नाही म्हणले, बसून नखानं सोडवली आणि नाडीची घडी करून बाजूला ठेवली. मग पुस्तक दोन्ही हातात धरून पाठीवर उभं केलं आणि हात सोडले. ते आपोआप उघडलं. परत मिटलं, परत उघडलं. असं चार पाच वेळा केलं. मला वाटलं काय जादूटोणा चाललाय.

मग म्हणले, "आज्जी स्तोत्रसंहिता वाचायच्या, समदी नाही, तेविसाव्यापासून चाळिसापर्यंत. आन् मत्तयाचा पाचवा सहावा सातवा अध्याय. आन् लूकमधे एक जागा आहे, अठरावा." मी म्हणलं काका तुम्हाला कसं कळलं. तर त्यांनी दोरा दाखवला. जिथं माणूस रोज उघडतो तिथं जुजेचा दोरा आधी सैल होतो, मग घडी फाटते, मग पान सुटतं. आणि पानांच्या कडा तिथं काळपट होतात हाताच्या घामानं आणि, आमच्या आज्जीच्या बाबतीत, गोड्या तेलानं. "आन् हे बघा," म्हणत लेवीय उघडून दाखवलं, एकदम कोरं करकरीत, नव्या नोटेसारखं. "इकडं आज्जी फिरकल्या बी नाहीत." दोघं पण हसलो. १ इतिहासातली ती नावांची यादी, याचा बाप तो त्याचा बाप तो, ती पण तशीच कोरी. सहासष्ट पुस्तकं आहेत त्यात, अकराशे एकोणनव्वद अध्याय, आणि आज्जीचा सगळा संसार बहुतेक त्यातल्या पंचवीस तीस अध्यायांवर झाला.

लूकचा अठरावा म्हणजे परूशी आणि जकातदार. एक देवळात पुढं उभा राहून मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, दशमांश देतो असं देवालाच मोजून दाखवतो आणि दुसरा मागं उभा राहून वर बघायला पण तयार नाही, नुसतं छाती बडवून देवा मज पाप्यावर दया कर. आज्जी ही गोष्ट आम्हाला शेंगा फोडता फोडता सांगायची आणि परूश्याचा आवाज काढायची, तो आवाज हुबेहूब आमच्या मंडळीतल्या एका खजिनदाराचा होता.

आज्जी तशी शिकलेली चौथी. माहेर जालन्याकडचंच. इथल्या ख्रिस्ती लोकांना माहीत असेल, नारायण शेषाद्री म्हणून ब्राह्मण घरातले गृहस्थ, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढं इकडं निजामाच्या राज्यात काम करायला आले, सालारजंग दिवाणानं जमीन दिली आणि जालन्याजवळ बेथेल वसवलं. म्हणजे आमच्याकडं हे काल परवाचं नाही, दीडशे वर्षं होऊन गेली. पण आज्जीला हा इतिहास सांगायला गेलं की म्हणायची हा हा ठीक आहे, पाणी भरलं का. तिचा धर्म म्हणजे सकाळी चूल पेटवायच्या आधी डोक्यावर पदर घेऊन दोन मिनिट, पीठ मळायच्या आधी एक मूठ पीठ वेगळ्या डब्यात, आठवड्याला तो डबा मंडळीतल्या नाहीतर गल्लीतल्या ज्याच्या घरी अडचण असेल त्याच्याकडं, त्यात जात धर्म काही नाही. आणि संध्याकाळी कंदिलाजवळ, पुढं बल्बखाली, पवित्र शास्त्र. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होती, सुकडी मिळायची तिथं, ती सांगायची त्यातली पण मूठ वेगळी काढली. आम्ही म्हणायचो आज्जी उपाशी राहून कुणाला वाटत होतीस, तर म्हणायची आपल्यापेक्षा उपाशी कुणीतरी असतंयच की रे. विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे गरीब विधवेनं होतं नव्हतं ते दोन नाण्यांचं दान टाकल्याची, बायबलातली गोष्ट तिनं आम्हाला कधी समजावून सांगितली नाही, आम्हाला तो पिठाचा डबाच माहीत होता.

असो, बाइंडिंगवर येतो.

काकांनी काय काय करणार ते सांगितलं आणि काय करणार नाही ते पण सांगितलं, हे मला लई आवडलं. कडा छाटणार नाही, कारण कडेला लिहिलेलं आहे. फाटलेल्या पानांना सेलोटेप लावणार नाही. माझ्या बापानं दोन पानांना लावलेली होती ती बघून त्यांनी तोंड असं केलं जसं काय कुणी शिवी दिली, म्हणले ही टेप पाच वर्षात पिवळी होते, कागद खाते आणि निघताना अक्षर घेऊन निघते. ते पातळ टिश्यू कागदाची पट्टी खळीनं लावतात, वाळली की खालचं अक्षर वाचता येतं. उंदरानं खाल्लेले कोपरे जोडणार पण तिथली अक्षरं येणार नाहीत, "ती पाठच करा" म्हणले. चामडं ठेवत नाहीत, रेक्झिन नाहीतर कापड. मी रेक्झिन घेतलं. जुजबंदी, नवे पुठ्ठे, रेक्झिन, वर सोनेरी अक्षर, दोन रिबिनी, सगळे मिळून ४५०. ॲडव्हान्स विचारला तर नको. बारा दिवस लागतील.

रेट पाटीवर लिहिलेला आहे, घासाघीस नाही. माझ्यासमोर एक जण वकिलाच्या फायली घेऊन आला, म्हणला काका आपलं काय ते करा, नेहमीचं गिऱ्हाईक आहे. काकांनी बोटानं पाटी दाखवली आणि परत दोरा ओवायला लागले. तो माणूस गेला नाही, फायली ठेवूनच गेला. मी नंतर विचारलं, काका तुम्ही ख्रिस्ती आहात हे मला पाळकसाहेबांनी सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर दुकानात एक वचन नाही, क्रूस नाही, प्रभूचा फोटो नाही, कामून? तर सुईकडं बघतच म्हणले, "रेट लावलाय की. ते वचनच हाय. मत्तय पाच, सदतीस." मी घरी येऊन उघडून बघितलं. तुमचं होय ते होय आणि नाही ते नाही असू द्या, त्याच्या पुढचं जे काही ते वाईटापासून. मी हे संडे स्कूलमधे पाठ केलेलं आहे, त्याबद्दल मला बक्षीस म्हणून स्टीलचा ग्लास मिळालेला आहे, आणि त्याचा रेटच्या पाटीशी संबंध असेल असं चाळीस वर्षात डोक्यात आलं नव्हतं.

आता खरं सांगायचं तर मी कुठल्या टाइपचा ख्रिस्ती आहे ते पण सांगून टाकतो. गाडीच्या मागच्या काचेवर वचनाचं मोठं स्टिकर आहे. सकाळी सहाला फॅमिली ग्रुपवर सूर्योदयाच्या फोटोवर वचन जातं, ते मी रात्रीच शेड्यूल करून ठेवतो आणि सात वाजेपर्यंत झोपतो. नाताळाला घरावर स्टार सगळ्यात उंच माझा. वाईट नाहीये यात काही, स्टार मला आवडतो. पण काकांच्या दुकानात अर्धा तास उभं राहिलं की माणूस आपोआप स्टिकरचा विचार करायला लागतो, कारण त्याच गाडीनं मी दोनदा सिग्नल तोडलेला आहे.

दुकानात सगळ्यांची पुस्तकं येतात. एका फळीवर, सगळ्यात वरच्या, स्वच्छ कापडात गुंडाळून एक कुराण ठेवलेलं होतं, त्याच्या शेजारी कुणाची तरी घरातली ज्ञानेश्वरी, म्हणले या फळीवर मी रजिस्टर ठेवत नाही. आणि पान उलटताना बोटाला थुंकी लावत नाहीत, पाण्याची स्पंजाची डबी आहे, ती पण ऑफिसच्या रजिस्टरलाच, वरच्या फळीवरच्या पुस्तकांना सुकं बोट. मी म्हणलं सगळ्यांना सारखं कसं काय. तर म्हणले ज्याचं त्याला प्यारं असतंय, मी शिवायला बसलोय, निवाडा करायला नाही. एवढंच. लई बोलणारा माणूस नाही, मी दहा वाक्यं बोललो की ते एक.

एकदाच मोकळे बोलले ते पंडिता रमाबाईंबद्दल. कुणीतरी मागं त्यांच्या भाषांतराचं जुनं पुस्तक शिवायला आणलं होतं म्हणे. रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमधे बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, अख्खं बायबल मराठीत केलं, खेड्यातल्या साध्या बाईला वाचलं की कळावं म्हणून, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या त्याच्या थोडं आधी काम संपवलं. खिळे जुळवायचं आणि छापायचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं, ज्यातल्या कितीतरी दुष्काळातनं उचलून आणलेल्या. काका म्हणले, "भाऊ, संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडिता, पन्नास अवघड शब्द माहीत आसतेल, आन् त्यातनं एक सोपा काढून ठेवायचा, कितीतरी वर्षं हेच." मग खळ ढवळायला लागले. मराठीत नवा करार त्याच्या कितीतरी आधी, १८११ ला, बंगालात सेरामपूरला विल्यम केरीनं छापला होता, वैजनाथ नावाच्या पंडिताच्या मदतीनं, पण ती मराठी आज्जीला दिली असती तर तिनं म्हणलं असतं हे पाळकसाहेबालाच दे.

बाराव्या दिवशी मीच फोन करणार होतो तर सकाळी काकांचाच आला. "झालं नाही. पोऱ्याला ताप हाय, मार्च एन्डची रजिस्टरं बी आलीत. आणखी आठवडा." सबब लई लोक सांगतात पण आपण विचारायच्या आधी कुणी सांगत नाही, तरी उशीर तो उशीर, सुट्टी मी त्या शनिवारची टाकून बसलेलो होतो, ती वाया गेली. पाव स्टार तिथं कापला.

त्याच आठवड्यात रात्री साडेनऊला परत फोन. मला वाटलं पुस्तकाचं काही बरंवाईट झालं. म्हणले, "जुना पुठ्ठा सोडवला, अस्तराच्या खाली पैशे निघालेत. दोन नोटा. पाचशेच्या." मी म्हणलं अरे वा. तर म्हणले, "जुन्या हायत. बंद झालेल्या. आता चालत नाहीत. पण तुमच्या हायत, म्हणून सांगितलं. संगं एक चिठ्ठी बी हाय, ती मी वाचली नाही." आणि फोन ठेवला. एवढ्यासाठी फोन. चालत नसलेल्या हजार रुपयांसाठी, जे त्यांनी चुलीत घातले असते तरी जगात कुणाला कळलं नसतं.

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या तेव्हा आज्जी होती. आम्ही घरात सगळ्यांना विचारलं होतं कुणी कुठं ठेवलेत काढा, बँकेत भरायचेत, डिसेंबरपर्यंतच घेतील. आज्जी म्हणली माझ्याकडं कुठले. आता विसरली होती का मुद्दाम बोलली नाही, ते आता कुणाला विचारणार.

ठरलेला शनिवार आला तेव्हा गेलो. पुस्तक शिकंज्यातनं काढून ठेवलेलं होतं. खरंच सांगतो, हातात घेतल्यावर मला दोन मिनिट बोलता येईना. पाठ गोल, ठोकून गोलाई दिलेली, उघडलं की सपाट पडतं, मत्तयापाशी पण पडतं आणि लेवीयापाशी पण. चाळीसच्या वर जुज, प्रत्येक हातानं शिवलेली, बायबलचा कागद इतका पातळ असतो की साध्या दाभणानं फाटतो म्हणून बारीक सुईनं. कडा जशाच्या तशा, तेलाच्या डागासकट. उंदराच्या कोपऱ्यांना कागद जोडलेला, त्याचा रंग पण चहाच्या पाण्यात बुडवून जुन्याशी जुळवलेला. हे पाटीवर नाही, हे सांगितलं पण नव्हतं, मी विचारलं तेव्हा कळलं.

आणि आज्जीनं आत जे जे ठेवलेलं, वाळलेला लिंबाचा पाला, एसटीची तिकिटं, एक रेशनची पावती, धाकट्या काकाचा पासपोर्ट फोटो, आणि चिठ्ठ्या, ते सगळं त्यांनी उसवताना काढलं होतं, एका वहीच्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं काय कुठल्या पानात होतं, आणि शिवून झाल्यावर परत त्या त्या पानात ठेवलं होतं. फक्त लिंबाचा पाला नवा टाकला, म्हणले जुन्याचा भुगा झाला होता.

मत्तयाच्या पाचव्यात एक नावांची यादी निघाली, प्रार्थनेची. आम्ही सगळी नातवंडं आहोत त्यात, सुना आहेत, शाळेतल्या एक बाई आहेत, आणि सगळ्यात खाली "बांधावरचा". हा बांधावरचा म्हणजे शेजारचा शेतकरी, जो दरवर्षी नांगरताना दोन तासं, म्हणजे नांगराच्या दोन रेघा, आमच्या बांधात घालायचा, त्यावरून मोजणी झाली, भांडणं झाली, तहसीलला चकरा झाल्या, आज्जी जिवंत असेपर्यंत तिनं त्याचं नाव तोंडानं घेतलं नाही. पण यादीत आहे. आईला दाखवलं तर म्हणली हो, मी ऐकलंय, रोज रात्री म्हणायच्या, देवा बांधावरच्याच्या लेकरांना सुखी ठेव, आणि त्याला सुबुद्धी दे, आणि बांध कोरायचं बंद कर. वैऱ्यासाठी प्रार्थना करा म्हणून त्याच पाचव्या अध्यायात सांगितलंय, आज्जीनं केली, पण आपली मागणी पण सोबत जोडली. बांध अजून तो कोरतोच.

नोटांसोबतच्या चिठ्ठीवर आज्जीच्या वेड्यावाकड्या अक्षरात एवढंच, "देवळाच्या पत्र्याला". गावातल्या देवळाचा, म्हणजे आमच्या चर्चचा, पत्रा तेव्हा गळायचा. म्हणजे मूठ मूठ पीठ काढणाऱ्या बाईनं हजार रुपये कुठून साठवले माहीत नाही, पुठ्ठ्याच्या अस्तराखाली शिवून ठेवले, आणि ते तिथंच बाद झाले. त्या नोटा मी परत पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पाकिटात ठेवल्यात. गावच्या देवळात मागच्या रविवारी जाऊन हजार रुपये दानार्पणात टाकले, चालू नोटा. पावतीवर कुणाचं नाव लिहू म्हणून विचारलं तर मी पहिल्यांदा आज्जीचं सांगितलं, मग म्हणलं राहू द्या, नाव नका लिहू. पत्रा आता गळत नाही म्हणे, आता वायरिंगचा खर्च आहे.

आता उरलेला पाव स्टार. कव्हरवर सोनेरी अक्षरात "पवित्र शास्त्र" आहे, त्यातला "शास्त्र" जरा उजवीकडं खाली उतरलाय. मला दिसलं पण नव्हतं. काकांनीच पट्टी लावून दाखवलं, म्हणले फॉइलचा ठसा सरकला, रेक्झिन आहे, पुसता येत नाही, नवं लावायचं तर सगळं उसवावं लागल, तुम्ही सांगा. मी म्हणलं राहू द्या. तर ३० रुपये कमी केले. ४२०.

आणि इथं मी एक शेण खाल्लं ते पण लिहितो. पुण्याचा चुलतभाऊ म्हणला होता अर्धा खर्च मी देतो, बिल पाठव. त्याला पगार माझ्या तिप्पट. तर मी सहज, म्हणजे अगदी सवयीनं, काकांना म्हणलं, "काका बिल ८४० चं करा ना." नवीन शिवलेलं पवित्र शास्त्र काखेत आहे आणि मी हे बोलतोय. काकांचा पेन थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं पण नाही. ४२० लिहिलं, सही केली, फाडून दिलं, आणि पोऱ्याला म्हणले भाऊला पिशवी दे रे चांगली. मी बाहेर येऊन टपरीवर चहा घेतला, तो पण गेला नाही घशाखाली. चुलतभावाला ४२० चं बिल पाठवलं, त्यानं २१० पाठवले आणि वर लिहिलं एवढ्यात झालं? पुण्यात दोन हजार सांगितले असते.

ज्यांना जायचं त्यांच्यासाठी. रविवार बंद, उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडेला बंद, बाकी दहा ते सात. मार्च, एप्रिलमधे देऊ नका, रजिस्टरांचा सीझन असतो. पैसे रोख किंवा स्कॅन दोन्ही चालतं. लेखी पावती मागितली तर मिळते, खरी मिळते. पोथी नेऊ नका शिवायला, ते शिवत नाहीत, म्हणले पोथीची पानं सुटीच असायला पाहिजेत, पुठ्ठ्याच्या दोन फळ्या आणि कापड करून देतात. तारखेवर आठवडा जास्तीचा धरून चाला.

मागच्या शनिवारी परत गेलो होतो, माझं स्वतःचं पवित्र शास्त्र घेऊन. माझं ते चेनवालं, तपकिरी, सोनेरी कडा, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, चेन अडकायला लागलीय, म्हणलं एकदा जुजबंदीच करून घेऊ, टिकेल जन्मभर. काकांनी हात धुतले, चेन ओढून उघडली, पाठीवर उभं केलं आणि हात सोडले. ते उघडलं नाही. तसंच उभं राहिलं. परत केलं, परत तसंच. मग त्यांनी अंगठ्यानं पानं सोडली तर सोनेरी कडा एकमेकांना चिकटलेल्या, कट कट आवाज करत सुटल्या.

मला वाटलं आता काहीतरी बोलतील. काही नाही. चेन लावून माझ्या हातात दिलं आणि म्हणले, "याला काही झालं नाही भाऊ, कामून पैशे घालवता. चेनचं असंल तर मोंढ्याकडं चेनवाला बसतो, चाळीस रुपयात करून देतो."

चेनवाल्यानं पन्नास घेतले.